क्लचवाचून चाललेली वर्षे

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मोडक्या गाड्यांच्या एका दुकानात, डाव्या भिंतीला लागून लोखंडी मांडणी आहे. तिच्या खालून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर खडूने एक शब्द लिहिलेला आहे. तो कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, एवढेच मला सांगायचे आहे. परंतु मित्रांनो, शेवटचा शब्द समजण्यासाठी पहिल्यापासून ऐकावे लागते, म्हणून थोडा धीर धरा.

मी ज्या कारखान्यात तयार झालो, तेथे माझे झाकण लावण्यापूर्वी एका कामगार बाईने माझ्या प्रत्येक दातावरून बोट फिरवले. मग तिने माझा दांडा हाताने फिरवला, कान माझ्यापाशी आणला, आणि काहीच ऐकू आले नाही म्हणून ती समाधानाने हसली. गिअरबॉक्सची स्तुती अशीच असते: तो गप्प असला म्हणजे तो उत्तम. गप्प बसणाऱ्याला जग विसरते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु गोंगाट करणाऱ्याला जग लक्षात ठेवते ते मोडीत काढण्यासाठी, हेही तितकेच खरे आहे.

आता माझे काम समजून घ्या. गाडीत मान इंजिनाला मिळतो, धूळ चाकांना मिळते, आणि या दोघांचे जुळवून देणे माझ्याकडे असते. माझ्या पोटात लहानमोठी दातेरी चाके आहेत. चढावर एक जोडी उपयोगी पडते, सपाटीवर दुसरी. जोडी बदलणे म्हणजेच गिअर बदलणे. अडचण अशी, की ही सगळी चाके निरनिराळ्या वेगांनी फिरत असतात, आणि फिरत्या दातांत फिरते दात घालणे म्हणजे चालू दोरीत उडी घेणे. तुम्ही दोरीवरच्या उड्या मारल्याच असतील. दोघे दोरी फिरवत असतात आणि तिसऱ्याला आत शिरायचे असते. क्षण साधला तर दोरी अंगाला लागतही नाही. चुकला तर पोटरीवर वळ उठतो. यावर शहाण्या माणसांनी क्लच काढला. डाव्या पायाने क्लच दाबला की इंजिन आणि मी घटकाभर सुटे होतो, दोरी जणू सैल पडते, आणि नवशिकाही बिनघोर आत शिरतो.

आमचे कानसेन क्लच दाबत नसत.

हे त्यांचे खरे नाव नव्हे. गाणारा तानसेन आणि नुसता ऐकणारा कानसेन, ही थट्टा तुम्हांला ठाऊक असेल. तीवरून सोबतच्या मंडळींनी त्यांना हे नाव दिले होते. ते एका मोठ्या धुलाई कारखान्यात ड्रायव्हर होते. तेथे घरचे कपडे येत नसत. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यावर पांघरायची हिरवी कापडे, असा तेथला माल. मळलेली गाठोडी आणायची आणि कडक घड्यांचे गठ्ठे पोहोचवायचे. रोज पाच इस्पितळे. मी त्या गाडीचा, आणि गाडी त्यांची.

हे कसे सुरू झाले, ते सांगतो. एका सकाळी मोठ्या चौकात क्लचची तार तुटली. मागे हिरव्या कापडांचे गठ्ठे होते आणि इस्पितळात शस्त्रक्रिया खोळंबली होती. शाळेला सुटी म्हणून कानसेनांची आठ वर्षांची मुलगी शेजारच्या जागेवर बसलेली होती. दुसरा कोणी असता तर गाडी कडेला लावून कपाळाला हात लावून बसला असता. कानसेनांनी इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी बेडकासारखी उडी मारून पुढे निघाली.

"आता दुसरा कसा टाकायचा, बाबा? क्लच तर मेलाय," मुलगी म्हणाली.

"ऐकून टाकायचा. इंजिन आत्ता काय करतंय?"

"ओरडतंय."

"मी रेस सोडतो. ओरडणं थांबून गुणगुणायला लागलं की सांग."

मी न्यूट्रलमध्ये, म्हणजे कोणत्याच गिअरमध्ये नाही असा, लोंबकळत होतो. इंजिनाचा सूर उतरत उतरत आला, आणि ती चिमुरडी म्हणाली, "आता."

गिअरची दांडी सरकली. मित्रांनो, लोण्यातून सुरी जावी तसा दुसरा गिअर पडला. दातावर दात घासला नाही. त्या दिवशी पाच गिअर, सात वळणे आणि एक चढ आम्ही तिघांनी मिळून असे पार केले, आणि हिरवी कापडे वेळेवर पोहोचली.

कारखान्यात मोठा बोलबाला झाला. मिस्त्री, म्हणजे आमच्या गाड्यांची दुरुस्ती करणारे आणि कानसेनांचे जुने मित्र, नवी तार घालताना म्हणाले, "अरे, पायाला पेन्शन दिलीस की काय?"

"पायाचं काय काम? कान आहे तोवर कुबडी कशाला?" कानसेन म्हणाले.

तेव्हापासून गाडी जागेवरून हलवताना आणि थांबवताना तेवढा ते क्लच दाबत. चालत्या गाडीत कधी नाही. नवे ड्रायव्हर मुद्दाम शेजारी बसून पाहून जात. मिस्त्री पाहुण्यांना सांगत, "हा आंधळा झाला तरी गाडी चालवील."

येथे मला माझा एक दोष कबूल केला पाहिजे. मीही या कौतुकाने फुगलो. माझ्या शेजारीच क्लचची चकती राहत असे. मी तिला टोचून बोले, "तुझं बरं आहे बाई. दारात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बघायचं." ती रागावत नसे. एवढेच म्हणे, "माझं काम पडलं नाही तर बरंच आहे. पडलं तर मी आहे इथे." तेव्हा ते बोलणे मला दुबळ्याचे वाटले. आज वाटते, आमच्या सगळ्यांत तेवढी एकटीच शहाणी होती.

एकोणीस वर्षे अशी गेली. मुलगी मोठी झाली, त्याच गाडीवर, त्याच पद्धतीने गाडी चालवायला शिकली, आणि त्याच कारखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्रावर कामाला लागली. मग एके दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये जाताना माझे दात किंचित घासले. कर्र. पत्र्यावर उलटे नख ओढावे एवढाच आवाज. मला वाटले, झोप झाली नसेल त्यांची. आठवड्याने पुन्हा कर्र. मग रोज. मग दिवसातून दहादा.

दांडी अर्ध्या क्षणाने उशिरा येऊ लागली होती. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी कानसेन दांडीची मूठ तीन बोटांनी धरत, फूल धरावे तशी. आता अख्खा तळहात मुठीवर घट्ट बसू लागला. कानाने जे कळेनासे झाले होते, ते ते तळहाताने चाचपत होते. थरथर कमी झाली की दांडी ढकलायची. परंतु थरथर ही सुराची सावली आहे. सावलीवरून माणूस ओळखता येतो, त्याचे बोलणे नाही.

माझ्याशिवाय हे कोणाच्या लक्षात का आले नाही, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की धुलाई कारखान्यात यंत्रांची घरघर एवढी असते की तेथे कोणीच कोणाचे ऐकत नाही. सगळे हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. "चहा" म्हणायचे तर अंगठा तोंडाशी न्यायचा. "गाठोडी आली" म्हणायचे तर दोन्ही हात कवेत घेतल्यासारखे करायचे. अशा जागी ज्याचे कान गेले, तो आणि ज्याचे शाबूत आहेत तो, यांत फरक कसा कळावा? फरक कळण्यासारखी शांत जागा एकच होती, गाडीची केबिन. आणि तेथे हल्ली त्यांच्याबरोबर फक्त मी असे. मी माझ्या एकुलत्या एका भाषेत ओरडत होतो, आणि ती भाषा रोज ऐकणारा एकमेव माणूस बहिरा होत चालला होता.

कर्रकर्र वाढली तेव्हा मिस्त्रींनी मला खाली उतरवून उघडले.

"अरे, एकही दात झिजलेला नाही," ते कानसेनांच्या समोर उभे राहून म्हणाले. "आत सगळं ठणठणीत."

कानसेन त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. "पण आवाज येतो म्हणतात लोक."

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. लोक म्हणतात. ज्या माणसाला शेजारच्या गाडीचा सैल झालेला नट ऐकू येत असे, तो म्हणत होता की लोक म्हणतात. मी टेबलावर उघडा पडल्या पडल्या हादरलो. मिस्त्रींना मात्र त्यात काही वावगे दिसले नाही. त्यांचा तर्क पाहा: आवाज येतो, कानसेनांचा कान चुकणे शक्य नाही, म्हणून दोष गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्समध्ये दोष दिसत नाही. म्हणून दोष आपल्याच नजरेचा. तर्कशास्त्रात याहून सुबक चूक मी पाहिलेली नाही. आदर हा चांगलाच, परंतु ज्या पायरीवर शंका घ्यायची तीच पायरी त्याने झाकून टाकली. त्यांनी माझ्यातल्या, चाकांचे वेग जुळवणाऱ्या, चांगल्या कड्या काढून नव्या घातल्या. सहा महिन्यांनी पुन्हा उघडले, पुन्हा घातल्या.

मुलीच्या ध्यानात आले. एकदा ती बाबांबरोबर गाडीतून गेली आणि पहिल्याच वळणावर माझे दात करकरताच तिने डोळे मिटून घेतले. इस्पितळाच्या दारात तिने मागून हाक मारली, "बाबा." मग जरा मोठ्याने, "बाबा." मग आणखी मोठ्याने. ते गठ्ठे उतरवत राहिले. परतताना ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, क्लच दाबत जा ना. नुसता दाबायचा. कोण बघतंय?"

त्यांनी तिचे ओठ पाहिले. "मी तुला क्लचवाचून शिकवलं, आणि तू मला क्लच शिकवणार?"

तुमचा कान गेला, असे बापाला तोंडावर कसे म्हणायचे? त्यांचे सगळे मोठेपण त्या कानावर उभे होते. नोकरीही, आणि नावसुद्धा. ते स्वतः बोलले नाहीत, ती बोलली नाही, आणि मी बोलत होतो ते कोणाला कळत नव्हते.

पुढे जे घडले ते भर दुपारी घडले. चौथ्या इस्पितळाच्या मागच्या दाराशी चढ आहे. तो चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावे लागते. क्लचवाचून खालच्या गिअरमध्ये यायचे तर न्यूट्रलमध्ये नेमकी तेवढीच रेस द्यावी लागते. कमी नाही, जास्त नाही. त्यांनी दिली, ती जास्त झाली. माझे दात करकरले आणि दांडी परत फिरली. त्यांनी पुन्हा ढकलली. पुन्हा करकर. त्या झटापटीत गाडीचा वेग सरला, ती क्षणभर थांबली आणि मागे घरंगळू लागली. मागे वॉर्डातल्या मावशी रिकामी ट्रॉली घेऊन चढत होत्या. त्या ओरडल्या. रखवालदार ओरडला. खिडक्यांतून माणसे ओरडली. मी तर केव्हाचा ओरडत होतो. कानसेन मान खाली घालून, तळहात मुठीवर दाबून, माझ्याशी झगडत होते. रखवालदाराने धावत येऊन दारावर मूठ आपटली, ती त्यांना अंगात जाणवली, आणि मग ब्रेक लागला. तोवर ट्रॉली भिंतीवर आदळली होती आणि मावशींचा हात तिच्याखाली सापडला होता. मनगट मोडले. डाव्या पायाखाली क्लच होता, वीतभर अंतरावर. दाबला असता तर काहीच झाले नसते.

तिसऱ्यांदा मला उतरवले. मी मिस्त्रींच्या टेबलावर होतो, भोवती कारखान्याच्या मालकीणबाई, मिस्त्री, कानसेन आणि मुलगी उभी होती, आणि भिंतीपलीकडे यंत्रे घरघरत होती.

"काय झालं नेमकं?" मालकीणबाईंनी विचारले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. दोष माझा नव्हे, कानसेनांच्या कानाचा, हे या वेळी त्यांना उमगले होते. माझ्या एकेका दातावरून त्यांनी बोट फिरवले, आणि ते कोठेच अडले नाही. मग ते म्हणाले, "गिअरबॉक्स गेलाय, बाई. यापुढे गाडी ठेवण्यात अर्थ नाही."

मालकीणबाई कागद चाळत, मान खाली घालून म्हणाल्या, "म्हणजे दोष गिअरबॉक्सचाच होता. हो ना?"

आणि कानसेनांनी मान डोलावली.

कागदावर लिहिले गेले: गिअरबॉक्स निकामी. गाडी मोडीत द्यावी. मिस्त्रींनी मैत्रीसाठी खोटे लिहिले, आणि त्यांना दोष देणे मला आजही जमत नाही. परंतु ती मान! एकोणीस वर्षे माझ्याशी इतक्या नजाकतीने वागलेला माणूस मला लबाड ठरवून मोकळा झाला, हे मला सहन होईना. कानसेनांना घरी विश्रांती घ्यायला सांगितले गेले. मला पुन्हा गाडीत बसवले, कारण मोडीच्या दुकानापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांनी जाणार होती.

ती नेण्याचे काम मुलीने मागून घेतले. ती बाबांना बरोबर घेऊन आली. ते येत नव्हते; तिने हाताला धरून आणले. ते शेजारच्या जागेवर, जिथे ती लहानपणी बसायची तिथे, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. फाटकाबाहेर पडल्यावर तिने त्यांचा उजवा हात उचलला, दांडीच्या मुठीवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. मी चूं केले नाही.

"क्लच दाबतेस म्हणून," ते पुटपुटले.

तेव्हा तिने डावा पाय उचलून, त्यांना दिसेल असा, आसनाखाली मुडपून घेतला. रेस सोडली. इंजिनाचे ओरडणे उतरले, गुणगुणणे सुरू झाले, आणि तिने दांडी ढकलली. तिसरा. लोण्यातून सुरी. त्यांच्या तळहाताला एक कणही टोचला नाही. मी सांगतो, मित्रांनो, मी जन्मात इतका जपून वागलो नव्हतो.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने तिसऱ्यावरून दुसरा टाकला, त्या चढावर फसला होता तोच.

"पुन्हा."

चार वेळा झाले. पाचव्या वेळी त्यांचा हात मुठीवरून गळून पडला. "थांबव."

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि ती त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"हा चांगला आहे," ते म्हणाले.

"चांगलाच होता, बाबा."

"म्हणजे मी."

तिने त्यांचा हात हातात घेतला.

"तुला केव्हा कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"बोलली नाहीस."

"भ्याले. तुम्ही रागावाल म्हणून नाही. तुम्ही खचाल म्हणून."

त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग वळले. "त्या दिवशी बाईंनी काय विचारलं होतं गं?"

"दोष गिअरबॉक्सचाच ना, असं."

"आणि मी मान हलवली."

"हो."

"मला वाटलं, घरी सोडायला कुणाला पाठवू का, असं काहीतरी विचारतायत. खाली बघून बोलत होत्या. मला काही कळलं नाही. हल्ली मी सगळ्यालाच मान हलवतो."

तर अशी ती मान होती. इतके दिवस ज्या घावाने मी झुरत होतो, तो घाव कोणी घातलाच नव्हता. समाधान वाटायला हवे होते. वाटले नाही. जे वेळेवर विचारता आले असते ते उशिरा कळले, की आनंदाला बसायला जागा उरत नाही.

दुकानदार जाड भिंगाचा चष्मा लावणारा, सरळ बोलणारा गृहस्थ निघाला. कानसेन त्याला म्हणाले, "गाडी तोडा, पण गिअरबॉक्स तोडू नका. अख्खा काढून ठेवा. कुणाच्या तरी कामाला येईल."

"कागदावर निकामी लिहिलंय, काका."

"कागदावर चूक आहे. निकामी मी झालो होतो."

दुकानदार गोंधळून मुलीकडे पाहू लागला. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसंच आहे."

मला काढून फळीवर ठेवेपर्यंत दोघे उभे होते. क्लचची चकतीही निघाली, तेव्हा दुकानदार तिच्याकडे पाहून म्हणाला, "इतक्या वर्षांची गाडी आणि ही जवळजवळ कोरी?" कानसेनांना ते ऐकू गेले नाही, परंतु त्याच्या हातातल्या चकतीकडे पाहून त्यांनी मान खाली घातली. मग दुकानदाराच्या खिशातला खडू मागून घेतला आणि माझ्या अंगावर, शाळेत गिरवावे तशा सावकाश, ठळक अक्षरांत लिहिले: चांगला.

"आता घरी जायचं?" मुलीने समोर येऊन विचारले.

"आधी त्या मावशींकडे. अजून तोंड दाखवलेलं नाही मी त्यांना. मग बाईंकडे, कागद बदलायला."

"बाई काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू शेजारी उभी राहा आणि त्या काय म्हणतात ते मला सांग."

त्यांची पावले दारापर्यंत वाजली आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळली. त्यानंतर मी त्यांना ऐकलेले नाही. मावशींनी क्षमा केली की नाही, कागद बदलला की नाही, मला ठाऊक नाही. चकती माझ्या शेजारच्या फळीवर आहे. आता मी तिला टोचून बोलत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल द्या, पुसून ठेवा, हे तुम्हांला सगळेच सांगतात; मीही सांगतो. परंतु माझे मागणे थोडे निराळे आहे. तुमच्या घरात कोणी वडीलधारे माणूस हल्ली प्रत्येक गोष्टीला नुसती मान डोलावत असेल, तर त्याने होकार दिला असे धरून चालू नका. त्याच्या समोर जाऊन बसा. त्याला तुमचे ओठ पाहू द्या. आणि तोच प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश विचारा. कर्र असा आवाज तर आपल्या सगळ्यांतून कधी ना कधी येणारच आहे.

गिऱ्हाइके येतात, माझ्यावरची धूळ हाताने झाडतात आणि पुढे जातात. प्रत्येक हाताबरोबर खडू थोडा पुसला जातो. 'चां' गेला आहे. 'गला' एवढेच आता राहिले आहे, आणि त्याचा अर्थ येणाऱ्याला लागत नाही. मी मात्र अख्खा शब्द वाचतो.